नाव घेणं आणि नाव राखणं

बीड जिल्ह्यात सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याच्या पाळ्या लागलेल्या असतात. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यामधल्या साऱ्या वेळात नाम. भगवानबाबांच्या परंपरेतला नारळी सप्ताह असो की एखाद्या वस्तीने वर्गणी काढून बसवलेला लहानसा सप्ताह असो, ‘अखंड’ हा शब्द तिथे खरोखर पाळला जातो. नाव घ्यायला अधिकार लागत नाही, मुहूर्त लागत नाही, सोवळं लागत नाही. नांगर धरताना घ्या, उसाची मोळी बांधताना घ्या. जितकं घ्याल तितकं थोडं, या विश्वासावर आपलं भक्तीचं जग उभं आहे.

अशा मुलखातल्या वाचकापुढे हे पुस्तक एक अगदी उलटी वाटणारी गोष्ट ठेवणार आहे. यहुद्यांच्या धर्मग्रंथात देवाचं एक खास नाव सुमारे ६,८०० वेळा येतं. ते रोजच्या प्रार्थनेत आहे, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, पाठात आहे, घराच्या दाराच्या चौकटीला लावलेल्या चर्मपत्रावरही आहे. पण ते कोणी उच्चारत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती चार अक्षरं येतात आणि त्याच्या तोंडून दुसराच शब्द बाहेर पडतो. जवळजवळ दोन हजार वर्षं असं चालू आहे. मूळ उच्चार काय होता हे आज विद्वानांना तर्काने ठरवावं लागतं. ‘यहवे’च्या जवळपास काहीतरी असावं, असं बहुतेकांचं मत आहे.

याच लोकांत जन्मलेल्या आणि हाच ग्रंथ वाचत वाढलेल्या येशूच्या अनुयायांनी त्या नावाचं पुढे वेगळंच काही केलं. तेही या पुस्तकात आहे. पण आधी त्या चार अक्षरांकडे जाऊ.

योद, हे, वाव, हे. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि जुन्या हिब्रू लेखनात फक्त व्यंजनं असत. स्वर वाचणाऱ्याने आपल्या माहितीतून भरायचे. जेरुसलेमजवळच्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत १९७९ मध्ये चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. त्या इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातल्या मानल्या जातात. त्यांवर याजकांच्या आशीर्वादातले शब्द आहेत आणि हे नाव आहे. म्हणजे एके काळी ते नाव ताईतासारखं अंगावर वागवलं जात होतं आणि आशीर्वाद देताना बोललंही जात होतं.

ते नाव कुठून आलं, याची कथा निर्गम या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. मोशे सासऱ्याची मेंढरं चारायला होरेब डोंगराकडे गेला आहे. त्याला एक झुडूप पेटलेलं दिसतं, पण ते जळून जात नाही. त्यातून आवाज येतो: मिसरात माझे लोक गुलामीत आहेत, त्यांची हाक मी ऐकली आहे, त्यांना सोडवायला जा. हे लोक काय करत होते? चिखल तुडवत होते आणि विटा थापत होते. ठरलेला आकडा भरला नाही तर मार खात होते आणि त्यांच्या मानेवर मुकादम बसवलेले होते. मुकादम म्हणजे कोण, हे बीड जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. मोशे विचारतो, त्या लोकांनी मला तुझं नाव विचारलं तर काय सांगू?

हा प्रश्न मला फार खरा वाटतो. रानातून येऊन कोणी म्हणाला, की देवाने तुम्हाला सोडवायला मला पाठवलं आहे, तर राबून पिचलेला माणूस आधी हेच विचारेल: कोणत्या देवाने?

उत्तरात एक क्रियापद येतं: ‘एह्ये’. हिब्रूतल्या ‘असणे’ या धातूचं हे प्रथमपुरुषी रूप. ते अपूर्ण काळाचं आहे, त्यामुळे त्यात ‘मी आहे’ आणि ‘मी असेन’ हे दोन्ही अर्थ राहतात. तेच क्रियापद दोनदा वापरून देव स्वतःची ओळख देतो, आणि लगेच पुढे ते चार अक्षरी नाव येतं. त्या नावातही त्याच धातूची छाया आहे. आता हे उत्तर आहे की उत्तर द्यायचं टाळणं आहे? दोन हजार वर्षांच्या टीकाकारांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावी राशी नावाचा मोठा भाष्यकार होऊन गेला. त्याच्या वाचनाचा आशय असा, की या दुःखात मी त्यांच्याबरोबर असेन आणि पुढे येणाऱ्या दुःखांतही असेन. म्हणजे नाव हेच वचन आहे. देव कसा आहे याचं वर्णन त्यात नाही, तो कुठे उभा राहील याची हमी आहे.

पण याच वाक्याचा दुसरा प्रवास अलेक्झांड्रियात सुरू झाला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून तिथल्या यहुद्यांनी आपला ग्रंथ ग्रीकमध्ये नेला. ग्रीकमध्ये ते क्रियापद ‘जो आहे तो’ असं स्थिर झालं. सोबतीचं वचन अस्तित्वाच्या तत्त्वज्ञानाकडे वळलं. पुढे ऑगस्टिनने आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने इथूनच मांडणी केली: बाकी सगळं कशामुळे तरी आहे, देव मात्र निखळ असणं आहे. उपनिषदांतल्या ‘सत्’शी ज्यांची ओळख आहे, त्यांना ही ग्रीक-लॅटिन वाट लगेच आपलीशी वाटेल. मला सुचवायचं आहे ते एवढंच, की त्या वाटेवर रमताना विटा थापणाऱ्यांचा प्रश्न मागे पडू देऊ नये. ते नाव पहिल्यांदा त्यांच्यासाठी सांगितलं गेलं.

बोललं जाणारं नाव न बोलण्याचं कसं झालं? एका दिवसात झालं नाही. नाव व्यर्थ घेऊ नये ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा, तिच्याभोवती हळूहळू कुंपण वाढत गेलं. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी गुरूंच्या शिकवणीच्या संग्रहात जेरुसलेमच्या मंदिरातल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचं, योम किप्पूरचं वर्णन आहे. त्या दिवशी महायाजक पापांची कबुली देताना ते नाव स्पष्ट उच्चारी, आणि अंगणात उभे असलेले याजक आणि लोक ते कानावर पडताच जमिनीवर पालथे होत. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडलं. नाव बोलण्याची जागाच उरली नाही. त्याच मिश्नामध्ये अब्बा शाऊल या गुरूचं मत नोंदलेलं आहे: जो ते नाव त्याच्या अक्षरांप्रमाणे उच्चारतो, त्याला येणाऱ्या जगात वाटा नाही.

हे समजून घ्यायला आपल्या घरातलाच एक रिवाज उपयोगी पडतो. जुन्या घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. ‘हे’ म्हणायचं, ‘आमच्या घरचे’ म्हणायचं, मुलाचं नाव पुढे करून ‘त्याचे वडील’ म्हणायचं. आणि लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला सगळ्यांनी धरून बसवलं की उखाण्यात गुंफून तेच नाव सगळ्यांसमोर घ्यायचं. एरवी राखून ठेवलेलं असतं, म्हणून त्या दिवशी त्या नावाला मोल येतं. या रिवाजात बाईवर लादलेली असमानता होती आणि ती मी झाकणार नाही. तरीही नाव टाळणं म्हणजे दुरावा नव्हे, टाळलेलं नाव सतत मनात असतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना पुस्तक न वाचता माहीत होतं. यहुद्यांचं मौन याच जातीचं आहे. फरक एवढाच, की त्यांच्याकडचा उखाण्याचा दिवस मंदिराबरोबर गेला आणि मौन राहिलं.

त्या मौनाने केवढी संस्कृती घडवली! प्रार्थनेत चार अक्षरं आली की म्हणायचं ‘अदोनाय’, म्हणजे माझे स्वामी. प्रार्थनेबाहेर बोलताना तेही नाही. तिथे ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या काही गुंडाळ्यांत बाकी मजकूर त्या काळच्या लिपीत आहे आणि हे नाव मात्र त्याहून पुरातन लिपीत काढलेलं आहे. काही ठिकाणी त्याच्या जागी चार ठिपके आहेत. हिब्रूत परंपरेने आकडे अक्षरांनी लिहितात. पंधरा लिहायचे तर दहाचं ‘योद’ आणि पाचाचं ‘हे’ सरळ जोडता आलं असतं, पण ती नावाची पहिली दोन अक्षरं होतात. म्हणून नऊ आणि सहा जोडून पंधरा लिहितात. हिशेबाच्या वहीतसुद्धा त्या नावावर पाय पडू नये ही काळजी. इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत मासोरा पंडितांनी ग्रंथाला स्वरचिन्हं लावली, तेव्हा या चार अक्षरांना त्यांनी ‘अदोनाय’चे स्वर लावले. इथे काय म्हणायचं, याची ती खूण होती. ज्यांना ही खूण माहीत नव्हती त्यांनी व्यंजनं आणि स्वर एकत्र वाचले आणि ‘यहोवा’ हे रूप जन्माला आलं.

ज्या कागदावर ते नाव आहे तो कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही. तो जीर्ण झाला की ‘गेनिझा’ नावाच्या कोठीत ठेवायचा किंवा पुरायचा. कैरोच्या बेन एझ्रा सभास्थानात या रिवाजापोटी शेकडो वर्षं कागद साठत गेले. धर्माचे होतेच, पण व्यवहाराची पत्रं, करार, याद्याही. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांचा मोठा साठा केंब्रिजला नेला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या यहुद्यांची बाराव्या शतकातली पत्रं आज आपल्याला वाचता येतात, ती या नावाच्या धाकामुळे. मराठी इतिहासकारांनी या साठ्याकडे आणखी लक्ष द्यायला हवं.

आता मला आपल्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला यायचं आहे.

मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’मध्ये शके १११० चा उल्लेख आहे, म्हणजे इसवी सन ११८८. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे, आणि मराठीचा आद्य ग्रंथ म्हणून विवेकसिंधूचा मान परंपरेने मानलेला आहे. ब्रह्माला गुण नाही, रूप नाही, मग शब्दाने त्याच्याकडे कसं जायचं, हा त्या ग्रंथाच्या गाभ्याचा प्रश्न आहे. अगदी याच सुमारास, ११९० च्या आसपास, कैरोजवळच्या फुस्तातमध्ये मोशे बेन मैमोन, ज्याला युरोप मैमोनिदीस म्हणतो, तो आपला ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ हा ग्रंथ पुरा करत होता. तो धंद्याने वैद्य होता आणि लिहीत होता अरबीत. त्याचं म्हणणं असं: देव ‘दयाळू’ आहे, ‘न्यायी’ आहे अशी जी नावं आपण देतो, ती त्याच्या कृतींवरून पडलेली आहेत, त्याच्या स्वरूपाविषयी आपल्याला एवढंच सांगता येतं की तो काय नाही. फक्त ते चार अक्षरी नाव कोणत्याही कृतीवरून आलेलं नाही, ते एकट्या त्याच्या स्वरूपाकडे बोट दाखवतं. ‘नेति नेति’ ज्यांनी ऐकलं आहे त्यांना पहिला अर्धा भाग परका वाटणार नाही. नवीन आहे तो दुसरा. आपल्याकडे निर्गुणाला नाव नसतं. नावं सगुणाला, आणि ती हजार असतात. मैमोनिदीसकडे सगुण वर्णनं मागे सारल्यावर शेवटी एक नाव उरतं. म्हणजे ज्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही, त्यालाही नावाने ओळखता येतं. हाक मारणं आणि वर्णन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

अंबाजोगाई आणि फुस्तात यांच्यात कुठलाही धागा नव्हता, आणि मी तो ओढूनताणून जोडणार नाही. पण मैमोनिदीसला भारत अगदीच अपरिचित नव्हता. त्याचा धाकटा भाऊ दाविद भारताच्या वाटेवर समुद्रात बुडाला आणि त्या दुःखाने तो वर्षभर अंथरुणाला खिळला. उतारवयातल्या एका पत्रात त्याने भारतातल्या यहुद्यांविषयी लिहिलं आहे, की त्यांना तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, माहीत नाही, ते फक्त शब्बाथ आणि सुंता पाळतात.

या वर्णनाशी जुळणारी माणसं मराठी बोलणारी होती. कुलाब्याच्या किनारपट्टीवर तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. गावावरून आडनावं पडली: दिवेकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर. त्यांच्या परंपरेत सांगतात, की दाविद रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला तेव्हा या लोकांना हिब्रू वाचता येत नव्हतं, ग्रंथ जवळ नव्हते, पण ‘शमा’ तोंडपाठ होता. शमा म्हणजे देवाचं एकत्व सांगणारं यहुद्यांचं मूळ वचन. त्यात ते नाव आहे, आणि ते ‘अदोनाय’ म्हणून बोललं जातं. ग्रंथ गेला, लिपी गेली, पण नावाच्या जागी काय म्हणायचं तेवढं टिकलं. माझ्या मते या पुस्तकातला सर्वात मोठा पुरावा हाच आहे. नाव राखण्याची रीत नाव लिहिता न येणाऱ्यांनीही सांभाळली.

त्यांच्या स्वतःच्या नावांतही देव दडलेला आहे. ‘एल’ हे हिब्रूत देवाचं दुसरं, सर्वसाधारण नाव. शमुवेल, यहेज्केल, इस्राएल यांच्या शेवटी ते ऐकू येतं. कोकणात शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. सामाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सभास्थान बांधलं. त्याचं नाव ‘शाअर हारहमीम’, दयेचं दार. लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. या नावाला आमच्या विषयात फार अर्थ आहे. यहुदी गुरूंची एक जुनी शिकवण अशी, की ग्रंथात ‘एलोहीम’ येतं तिथे देव न्यायाच्या बाजूने बोलतो, आणि चार अक्षरी नाव येतं तिथे दयेच्या बाजूने. कैदेतून सुटलेल्या माणसाने दयेचं दार बांधलं, तेव्हा न उच्चारायच्या नावाचा अर्थच त्याने दारावर लिहिला.

१८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. या समाजाला पुन्हा लिपी मिळाली ती मोठ्या प्रमाणात मिशनच्या शाळांतून, आणि तिच्या जोरावर त्यांनी आपला धर्म अधिक घट्ट धरला. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाची पोथी, छापली गेली. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनं करू लागले: झांज, चाल, पूर्वरंग, आणि आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं. हिब्रूत ते नाव राखायचं आणि मराठीत मोकळ्या गळ्याने देव आळवायचा, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी जमलं.

येशूच्या अनुयायांकडे येताना मी थोडा वेग धरतो, कारण पुढची अर्धी प्रकरणं त्यांच्याच विषयी आहेत. येशू हे नावच त्या चार अक्षरांशी जोडलेलं आहे. हिब्रू ‘येशुआ’ म्हणजे तो तारतो, आणि तारणारा कोण हे त्या नावाच्या मुळाशी आहे. ‘हालेलूया’मधला शेवटचा ‘या’ हे त्याच नावाचं लघुरूप. नगरच्या किंवा आष्टीकडच्या एखाद्या प्रार्थनेला जमलेली मंडळी रविवारी हालेलूया म्हणतात, तेव्हा यहुद्यांनी राखलेल्या नावाचा तुकडा त्यांच्या तोंडी असतो.

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत पहिली मागणी भाकरीची नाही, क्षमेची नाही. पित्याचं नाव पवित्र मानलं जावं, ही आहे. हीच मागणी यहुद्यांच्या ‘कद्दिश’मध्ये पहिली येते. घरात कोणी गेलं की मुलगा कद्दिश म्हणतो. त्यात मृत्यूचा उल्लेख नाही, ते चार अक्षरी नावही नाही, फक्त ते महान नाव पवित्र होवो ही इच्छा आहे. दोन्ही धर्मांत जे पुन्हा पुन्हा म्हटलं जातं, त्याच्या आरंभी एकच मागणी आहे. इतकं जवळचं नातं असून मधली अनेक शतकं ख्रिस्ती राज्यांत यहुद्यांचा छळ झाला, आणि त्या छळात मरणाऱ्यांनी आपल्या मरणाला ‘किद्दूश हाशेम’, नावाचं पवित्रीकरण, असं म्हटलं. हे विसरून या विषयावर लिहिणं मला शक्य नाही.

वाटा फुटल्या त्या ‘प्रभू’ या शब्दावर. ग्रीक भाषांतर वाचताना चार अक्षरांच्या जागी ‘क्युरिऑस’, म्हणजे प्रभू, असं म्हटलं जाऊ लागलं होतं. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हाच शब्द येशूला लावला. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल एक स्तोत्रासारखा भाग देतो. तिथे वधस्तंभावर मेलेल्या येशूला सर्व नावांहून श्रेष्ठ नाव मिळतं आणि त्याच्यापुढे प्रत्येक गुडघा टेकतो. हा गुडघा यशयाच्या ग्रंथातून आलेला आहे, आणि तिथे तो फक्त त्या चार अक्षरी नावाच्या देवापुढे टेकतो. पौल स्वतः शिकलेला यहुदी होता. तो काय बोलतो आहे हे त्याला नेमकं माहीत होतं. यहुद्यांनी जे नाव मौनात ठेवलं, ते ख्रिस्त्यांनी एका माणसात पाहिलं, आणि माणसाला तर हाक मारायचीच असते. बाप्तिस्म्याच्या वचनात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे आहेत, पण ‘नाव’ एकवचनी आहे. त्रैक्याच्या सिद्धान्ताने त्या एकवचनाचा आधार घेतला.

ही हाक मराठीत कशी आली? शके १५३७ मध्ये, म्हणजे १६१५-१६ च्या सुमारास, अंबाजोगाईला दत्तभक्त कवी दासोपंतांनी देह ठेवला. पंचीकरण लिहिलेली त्यांची पासोडी तिथे आजही जपलेली आहे. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं: जवळजवळ अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत मराठी. दत्ताला आळवणारा ओवीचा महासागर एकीकडे थांबला आणि दुसरीकडे ख्रिस्ताची ओवी सुरू झाली. स्टीफन्सने परमेश्वर, स्वामी, वैकुंठ, मुक्ती हे शब्द बिनदिक्कत घेतले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. देवळाच्या संस्कृतातून आलेल्या शब्दांविषयी त्यांना संशय होता, कारण त्यांच्या ओझ्याखाली त्यांचं स्वतःचं बालपण गेलं होतं. नारायण वामन टिळक मात्र तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, आणि त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो. दोघेही मला खरे वाटतात, आणि त्यांच्यातला मतभेद मिटवायची मला घाई नाही.

हिंदी बायबलने चार अक्षरांच्या जागी ‘यहोवा’ ठेवलं. मराठी ‘पवित्र शास्त्रा’त तिथे ‘परमेश्वर’ आहे. इथे गेवराई तालुक्यातल्या पांचाळेश्वराची आठवण येते. गोदावरीतलं ते आत्मतीर्थ महानुभाव पंथाचं मोठं स्थान आहे. महानुभाव विचारात परमेश्वर हा नुसता देवाला दिलेला मानाचा शब्द नाही. देवता अनेक, परमेश्वर एक. देवतांची फळं वेगळी, मोक्ष देणारा तो एकटा. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचं स्मरण ही त्यांची उपासना, आणि आपले ग्रंथ त्यांनी शतकानुशतकं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले. एकाच नावाची अनन्यता आणि पवित्र शब्द राखण्याची काळजी, दोन्ही गोष्टी गोदाकाठी मराठीतच होत्या. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी हा शब्द तिथून उचलला असं मी म्हणत नाही. पण पांचाळेश्वरला जाणारा वाचक ‘परमेश्वर’ वाचताना जे ऐकेल, ते मूळ हिब्रूच्या पुष्कळ जवळचं असेल.

नामाचा गजर ख्रिस्ती जगातही होता, हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचे भिक्षू येशूचं नाव असलेली एक छोटी प्रार्थना श्वासाबरोबर अखंड म्हणत आले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या रशियन भिक्षूंत एक मत पसरलं, की देवाचं नाव म्हणजे प्रत्यक्ष देवच. नाम आणि नामी वेगळे नाहीत, हे आपल्या कीर्तनात रोज सांगितलं जातं. तिथे मात्र चर्चने त्याला पाखंड ठरवलं आणि १९१३ मध्ये रशियन आरमाराच्या जहाजांतून शेकडो भिक्षूंना पर्वतावरून उचलून नेण्यात आलं. त्यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वारकरी वाचकाने ते आधी वाचलं तरी माझी हरकत नाही.

एक विनंती मात्र आग्रहाने करायची आहे. ‘सगळे देव एकच, नावं वेगळी’ हे वाक्य आपल्या तोंडी फार लवकर येतं. ते प्रेमाने म्हटलं जातं, हे मला ठाऊक आहे. पण ज्या माणसांनी एक नाव न उच्चारण्यासाठी आकडे मोडून लिहिले, कागद पुरले, आणि ते पवित्र राहावं म्हणून मरण पत्करलं, त्यांना ‘नावात काय आहे’ असं सांगणं म्हणजे त्यांचं काहीच न ऐकणं. विठ्ठलाचं नाव अखंड घेणाऱ्याला हे कळायला अवघड नाही. त्याच्यासाठीही ते नाव दुसऱ्या कुठल्या नावाने बदलता येत नाही. नाव राखणं हीसुद्धा नामभक्ती आहे, असं मला या अभ्यासातून पटलं, आणि ते पटवून देण्यासाठीच हे पुस्तक लिहिलं आहे.

लेखनाच्या सोयीविषयी थोडं. यहुदी प्रार्थनेच्या प्रकरणांत मूळ नाव येईल तिथे ‘चतुरक्षर’ असं छापलं आहे; मोठ्याने वाचणाऱ्याने तिथे ‘अदोनाय’ म्हणावं. ख्रिस्ती प्रकरणांत मराठी पवित्र शास्त्राप्रमाणे ‘परमेश्वर’ आणि ‘प्रभू’ आहे. कॅथलिक चर्चने २००८ मध्ये उपासनेत ‘याहवे’ हा उच्चार वापरू नये असं कळवलं, तेव्हा तिथल्या उताऱ्यांतही तो टाळला आहे. ‘यहवे’ आणि ‘यहोवा’ ही रूपं फक्त उच्चाराच्या इतिहासाची चर्चा करताना येतात. ती पानं कोणा यहुदी स्नेह्यासमोर वाचायची वेळ आली, तर तेवढे शब्द मनातल्या मनात वाचावेत. पहिलं प्रकरण निर्गमच्या तिसऱ्या अध्यायावर आहे. तो अध्याय आधी एकदा सलग वाचून घ्यावा.